गॅस भरूनही वारा येईना: एका जुन्या गाडीच्या एसीचं प्रकरण

वीस वर्षांच्या पुढची एक छोटी हॅचबॅक. साधा हाताने लावायचा एसी, ब्लोअरला चार स्पीड, आतल्या झडपा केबलवर हलणाऱ्या. मालकांचं म्हणणं एवढंच होतं, "एसी चालत नाही. गॅस भरून झाला, ब्लोअरची मोटर बदलून झाली. आता कॉम्प्रेसर बदला म्हणतायत."

"चालत नाही" यातून काहीच कळत नाही. म्हणून पहिला प्रश्न विचारला: वारा भरपूर येतो पण गार नसतो, की गार असतो पण कमी येतो? ते जरा थांबले. "जाळीला हात लावला तर गार लागतो हो. पण अंगापर्यंत पोचत नाही."

अर्धं निदान इथेच झालं. गारवा तयार होत होता, म्हणजे कॉम्प्रेसर आपलं काम करत होता. अडचण तो गारवा माणसांपर्यंत नेणाऱ्या हवेची होती. या दोन तक्रारी ऐकायला सारख्या वाटतात, पण त्यांचे रस्ते पूर्ण वेगळे. एकीत गॅस, पाइप, कॉम्प्रेसर, कंडेन्सर येतात; दुसरीत मोटर, वायरिंग, झडपा आणि हवेचा मार्ग. मोटर सोडली तर या गाडीवर आतापर्यंत झालेला खर्च पहिल्या रस्त्यावर झाला होता.

अजून थोडं विचारल्यावर आणखी तीन गोष्टी निघाल्या. लांबच्या प्रवासात अर्ध्यापाऊण तासाने वारा जवळपास मरतो आणि गाडी थोडा वेळ बंद ठेवली की परत येतो. शेजारच्या सीटपुढची मॅट कधीकधी ओली असते. आणि मध्येच जाळीतून काळ्या स्पंजचे बारीक कण उडतात. मालकांच्या लेखी ही तीन किरकोळ दुखणी होती, गाडी जुनी झाली की असं व्हायचंच. मला ती एकाच गोष्टीची टोकं वाटली.

हवा कुठून कुठे जाते

बाहेरची हवा काचेखालच्या जाळीतून किंवा आतली हवा ग्लव्ह बॉक्समागच्या तोंडातून ब्लोअरच्या पंख्यात शिरते. कुठली घ्यायची हे रीसर्क्युलेशनची झडप ठरवते. पंख्यातून निघालेली हवा कूलिंग कॉइलमधून जाते, पुढे हीटरच्या कॉइलवरून किंवा तिला वळसा घालून, आणि शेवटी तोंडाकडे, पायाकडे किंवा काचेकडे. इथे एक गोष्ट फार कामाची आहे: जवळपास सगळ्या गाड्यांत एसी बंद असला, हीटर चालू असला, तरी हवा कूलिंग कॉइलमधूनच जाते. म्हणून एसीचं बटण बंद ठेवून फक्त ब्लोअर लावला आणि तरीही वारा कमी असला, तर गॅसचा त्याच्याशी संबंध नाही. आधी हेच करून पाहिलं. वारा तितकाच मरतुकडा.

मग मधल्या जाळीपुढे हातात धरायचा वाऱ्याचा वेगमापक लावला. चौथ्या स्पीडवर २.६ मीटर प्रति सेकंद. हा आकडा एकटा काही सांगत नाही, कारण प्रत्येक गाडीची जाळी वेगळी. पण पुढे प्रत्येक दुरुस्तीनंतर तो किती सरकतो हे महत्त्वाचं होतं. "आता बरं वाटतंय" यावर विसंबलं की तीन पार्ट बदलले तरी नेमका कुठला लागू पडला हे कधीच कळत नाही.

चारही जाळ्यांत वारा सारखाच कमी होता. एखाद्याच जाळीत कमी असता तर डॅशबोर्डमागची नळी निसटली असावी असा संशय घेतला असता. म्युझिक सिस्टीम बसवताना मागची नळी ढकलली जाते आणि कोणाच्या लक्षात येत नाही, हे जुन्या गाड्यांत हमखास सापडतं. तोंडाकडचा मोड लावून पायाशी आणि काचेशी हात धरला. पायाशी किंचित गळती होती, पण हरवलेल्या वाऱ्याचा हिशेब लागेल इतकी नाही.

(झडपा व्हॅक्यूमवर चालणारी जुनी गाडी असेल तर इथे आणखी एक चाचणी लागते. चढावर किंवा जोरात ॲक्सिलरेटर दाबल्यावर वारा आपोआप काचेकडे वळत असेल तर ब्लोअरला हात लावू नका. इंजिनातलं व्हॅक्यूम तेव्हा कमी होतं आणि फुटकी नळी किंवा निकामी चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) उघडा पडतो. या गाडीत केबल होत्या, त्यामुळे तो प्रश्न नव्हता.)

चारही स्पीड चालत होते, फक्त सगळेच हळू. रेझिस्टर (खालच्या स्पीडसाठी करंट कमी करणारा भाग) उडाला की खालचे स्पीड जातात आणि वरचा राहतो, कारण सगळ्यात वरच्या स्पीडला करंट रेझिस्टरमधून जातच नाही. म्हणजे रेझिस्टरवरचा संशयही सुटला.

राहिली मोटर. ती नवी होती, आणि नेमकं म्हणूनच तिच्याकडे नीट पाहिलं. ब्लोअरच्या ड्रमसारख्या पंख्याचा एक फसवा गुण आहे: तो उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त फारच कमी. मोटर बदलताना दोन वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या तर आवाज येतो, वाराही येतो, आणि कुणाला शंकाही येत नाही. इथे खालून पाहिलं, फिरण्याची दिशा बरोबर होती.

अर्थच्या बाजूला हरवलेले तीन व्होल्ट

इंजिन चालू, ब्लोअर चारवर. बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि मोटरच्या दोन टोकांवर फक्त १०.४. साडेतीन व्होल्टच्या आसपास वाटेत गळत होते. या गाडीत मोटरला प्लस थेट रिलेतून मिळतो आणि स्पीडचा स्विच अर्थच्या बाजूला आहे. म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. बॅटरीच्या प्लसपासून मोटरच्या प्लसपर्यंत ०.३ व्होल्ट, चालण्यासारखं. मोटरच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ३.१ व्होल्ट. तिथे जेमतेम दोन-तीन दशांश व्होल्ट अपेक्षित असतात.

मीटरची एक तार मोटरवर ठेवून दुसरी पुढे पुढे सरकवत गेलो, आणि उडी सापडली ती रेझिस्टरच्या कनेक्टरवर. उपसून पाहिला तर एक पिन काळवंडलेली, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन मऊ पडलेलं. ही सामाईक पिन होती, चारही स्पीडचा करंट तिच्यातूनच जातो; चौथ्या स्पीडला तो फक्त पुढची रेझिस्टरची तार टाळतो. करंट ९ अँपिअर. ३.१ गुणिले ९ म्हणजे जवळपास २८ वॅट उष्णता त्या एका पिनेवर. साधं सोल्डरिंग आयर्न याच वॅटचं असतं. पिन जळली यात नवल काहीच नव्हतं. नवल हे, की मोटर बदलणाऱ्या हातांनी हा कनेक्टर बघितला नसेल, कारण दोन्ही शेजारी-शेजारी आहेत.

कनेक्टर नवा लावताना वायरीही काळवंडलेल्या भागाच्या पुढे, स्वच्छ तांबं लागेपर्यंत कापून घेतल्या. जुन्या कडक वायरीवर नवी पिन दाबली तर तोच सांधा परत तापतो. आता मोटरवर १३.३ व्होल्ट, आणि वारा २.६ वरून ३.४ वर गेला. पंख्याने फेकलेली हवा त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढते आणि अशा मोटरचा वेग साधारण व्होल्टेजच्या प्रमाणात, त्यामुळे हिशेब जुळत होता. म्हणजेच विजेच्या बाजूने आणखी काही मिळणार नव्हतं. मालक खूश झाले. पण नवी मोटर पूर्ण व्होल्टेजवर फिरत असताना एवढाच वारा मला पटत नव्हता.

पुठ्ठ्याचा तुकडा

आता संशय हवेच्या मार्गावर. तो खोलण्याआधी एक छोटी चाचणी केली, ती मला या सगळ्या कामात सर्वांत आवडते, कारण तिला काहीही उघडावं लागत नाही.

या प्रकारच्या पंख्याचं वागणं सवयीच्या विरुद्ध असतं. मार्ग अडला की मोटरला जास्त जोर लागेल असं वाटतं, होतं उलट. पंख्याला हवा ढकलायला मिळाली नाही तर त्याच्यावरचं काम कमी होतं, तो जास्त वेगाने आणि बारीक किरट्या आवाजात फिरतो, करंट उतरतो. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर हात धरला की आवाज चढतो, तेच. याउलट मोटरचे बुश (दांडा ज्यांत फिरतो ती कडी) कोरडे पडले असतील तर ती हळू फिरते आणि करंट जास्त खाते. त्यामुळे क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारा) आणि कान मिळून बरंच सांगतात: व्होल्टेज कमी, करंटही कमी, तर वायरिंग; व्होल्टेज पुरेसं, करंट जास्त, फिरणं जड, तर मोटर; व्होल्टेज पुरेसं, करंट कमी, आवाज चढा, तर मार्ग तुंबलाय.

कनेक्टर बदलल्यावर करंट ११.५ अँपिअर होता. या मोटरला तो कमी की बरोबर, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून रीसर्क्युलेशन लावून ग्लव्ह बॉक्समागच्या तोंडावर पुठ्ठ्याचा तुकडा धरला. मार्ग मोकळा असता तर आवाज एकदम चढला असता आणि करंट दोन-तीन अँपिअर तरी खाली आला असता. इथे आवाजात जेमतेम फरक, करंट अर्ध्या अँपिअरने खाली. पंख्याला आधीच हवा मिळत नव्हती, मी आणखी काय अडवणार.

रेझिस्टर काढला की त्याच्या भोकातून कॉइलची पंख्याकडची बाजू दिसते. तिथून बारीक कॅमेरा आत घातला. कॉइलच्या पात्या दिसल्याच नाहीत. त्यांच्यावर धूळ, कापसाची लव, पानांचे चुरे आणि स्पंजचे कण यांचा फेल्टसारखा जाड थर बसला होता, वर एका कोपऱ्यात तेवढी बोटभर जागा मोकळी. सगळा वारा त्या कोपऱ्यातून येत होता.

कारण दोन. या मॉडेलमध्ये केबिन फिल्टरची खाच साच्यात दिलेली आहे, पण फिल्टर बसवलेलाच नव्हता, जागेवर नुसतं झाकण. जुन्या गाड्यांत ही गोष्ट नेहमीची. फिल्टर नसला की कूलिंग कॉइलच फिल्टर होते, तीही ओली, म्हणजे धूळ चिकटायला उत्तम. दुसरं, रीसर्क्युलेशनच्या झडपेवरचा स्पंज वयाने कुजून झडत होता. ही झडप पंख्याच्या आधी असल्याने तिचा चुरा थेट पंख्यात आणि तिथून कॉइलवर. जाळीतून उडणारे कण मात्र कॉइलच्या पुढच्या झडपांचे, कारण एवढ्या थरातून काही आरपार जाणं शक्य नव्हतं.

मग गॅसचं काय

मागच्या कामाच्या कागदावर लिहिलं होतं, "लो साइड २०, गॅस कमी, टॉप-अप केला." लो साइड म्हणजे कूलिंग कॉइलकडून कॉम्प्रेसरकडे येणारा कमी दाबाचा भाग, हाय साइड म्हणजे कॉम्प्रेसरच्या पुढचा जास्त दाबाचा. कॉम्प्रेसर बदलायचा सल्लाही याच आकड्यावरून आला असावा.

२० पीएसआय (दाबाचं एकक) हा आकडा खोटा नव्हता, त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला. कूलिंग कॉइलमध्ये गॅस उकळतो तो आत येणाऱ्या हवेची उष्णता घेऊन. हवाच कमी आली तर उष्णता कमी, उकळणं कमी, आणि कॉम्प्रेसर मात्र ओढतोच आहे. मग लो साइडचा दाब पडतो. गॅस कमी असतानाही तो पडतो. दोन्ही वेळा एकच काटा एकाच जागी. फरक हाय साइडवर दिसतो: गॅस खरंच कमी असेल तर तिथेही दाब उतरलेला असतो. माझ्या गेजवर, बाहेर ३४ अंश सेल्सिअस असताना, लो साइड २२ आणि हाय साइड २४० होता. हा कमी गॅसचा हाय साइड नव्हे. वारा न मोजता गेज लावला की काट्याकडून हवं ते वदवून घेता येतं.

हाच २२ चा आकडा दुसरं कोडंही सोडवतो. या एसीतला आर-१३४ए गॅस साधारण २८ पीएसआय दाबाला शून्य अंशावर उकळतो. २२ म्हणजे उणे चारच्या जवळ. कॉइलवर सुटलेलं हवेतलं पाणी गोठणारच. गाडी उभी ठेवून १५०० आरपीएमवर एसी चालवत ठेवला. पंचवीसेक मिनिटांत वारा ३.४ वरून १ च्याही खाली आला, बाहेरच्या जाड पाइपवर पांढरं दव गोठलं. एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला, दहा मिनिटांत वारा परत. लांबच्या प्रवासातलं दुखणं ते हेच. वितळलेलं पाणी एकदम आलं, खालची निचऱ्याची नळी लवेने अर्धी बुजलेली, म्हणून ते आतल्या बाजूला सांडून मॅट ओली.

पण कॉइल गोठायला लागली की कॉम्प्रेसर थांबवण्यासाठी तिच्यावर थर्मिस्टर, म्हणजे तापमान सांगणारा सेन्सर, असतो. त्याने का थांबवलं नाही? कॉइल बाहेर काढल्यावर उत्तर मिळालं. थर्मिस्टर पात्यांमध्ये खोचलेला असायला हवा होता, त्याची क्लिप तुटून तो खोक्याच्या भिंतीशी लोंबत होता. बर्फाच्या पाण्यात बुडवून तपासला, तो ठणठणीत होता. फक्त ज्या जागेचं तापमान सांगायचं ती जागा सोडून दुसऱ्याच जागेचं सांगत होता.

खोलणं आणि जोडणं

मालकांनी विचारलं, "फवारा मारून साफ नाही होणार?" बाजारात मिळणारे फेसाळ क्लीनर पातळ मळासाठी आणि वासासाठी ठीक असतात. इतका जाड थर त्यांनी विरघळत नाही, ओला होऊन पात्यांत आणखी आत बसतो. गॅस मोजायचाच होता, त्यामुळे कॉइल काढणं फार वाढीव काम नव्हतं. या जुन्या रचनेत तिचं खोकं ब्लोअर आणि हीटरच्या मधोमध असतं आणि डॅशबोर्ड न काढता ग्लव्ह बॉक्सच्या जागेतून निघतं. नव्या गाड्यांच्या मानाने हे सुख आहे.

गॅस हवेत सोडला नाही, मशीनने ओढून वजन केलं: ६९० ग्रॅम. बॉनेटखालच्या लेबलवर लिहिलं होतं ५५०. आर-१३४ए हवेत सोडला तर शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट तापमानवाढ करतो, म्हणून मशीनने ओढायचा. पण ती गोष्ट बाजूला ठेवली तरी मशीनचा इथला खरा उपयोग वजन कळण्याचा होता. टॉप-अपने जास्तीचा गॅस भरला गेला होता. तुंबलेल्या कॉइलमुळे ते झाकलं गेलं होतं. वारा मोकळा करून गॅस तसाच ठेवला असता तर हाय साइडचा दाब आणखी चढला असता आणि कॉम्प्रेसर बदलायची वेळ खरोखरच आली असती.

उघडे पाइप लगेच टोप्या लावून बंद केले, कारण कॉम्प्रेसरचं तेल हवेतली ओल फार पटकन घेतं. कॉइलवरचा थर मऊ ब्रशने कोरडाच सोलून काढला, उरलेलं पाण्याच्या हलक्या धारेने उलट बाजूने धुतलं. जोराची धार मारली असती तर पात्या आडव्या होऊन तेच दुखणं पुन्हा. निचऱ्याची नळी मोकळी केली, थर्मिस्टर नवी क्लिप लावून पात्यांत खोचला, झडपेचा उरलेला स्पंज खरवडून पाणी न शोषणारा बंद पेशींचा फोम चिकटवला. नव्या ओ-रिंग, नवा ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा), पाऊण तास व्हॅक्यूम, तो टिकतो का हे पाहणं, आणि मग वजनावर ५५० ग्रॅम.

चौथ्या स्पीडवर ५.९ मीटर प्रति सेकंद. करंट १५ अँपिअर, म्हणजे मोटरला आता खरंच काम मिळत होतं. पुठ्ठा धरल्यावर आवाज ताडकन चढला. १५०० आरपीएमवर लो साइड ३२, हाय साइड २२५, जाळीतली हवा ८ अंश. बाहेर तेच ३४. नंतरच्या लांब प्रवासात वारा पडला नाही, कॉम्प्रेसर मध्येमध्ये आपोआप थांबून सुरू होत राहिला.

रिकाम्या खाचेत फिल्टर बसवला, वारा ५.६ वर आला. हा तोटा मला मान्य आहे. कोळशाचा थर असलेला फिल्टर मालकांना हवा होता, तो हवेला जास्त अडवतो आणि अशा छोट्या ब्लोअरवर फरक जाणवतो, म्हणून साधाच घातला.

दोन गोष्टी तशाच सोडल्या. पायाशी होणारी किंचित गळती मोडच्या झडपेचा स्पंज झडल्यामुळे आहे, आणि त्यासाठी संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. एवढ्याशा गळतीसाठी वीस वर्षांचं ठिसूळ प्लास्टिक उघडणं मालकांना नको होतं, मलाही. त्यामुळे स्पंजचे कण काही दिवस उडत राहतील. दुसरी गोष्ट कनेक्टरची: करंट पूर्वीपेक्षा जास्त असल्याने तो सांधा आता जास्त ताणात आहे. चौथ्या स्पीडवर अर्धा तास चालवून त्याला हात लावून पाहिला, कोमट होता. सर्व्हिसिंगच्या वेळी तो पुन्हा बघायचं आणि फिल्टरही तेव्हाच काढून झटकायचं, असं कामाच्या कागदावर लिहून दिलं.